खंडोबाचे किडे आणि भरताची वांगी

आमच्या घरात खंडोबाच्या किड्याला कोणी मारत नाही. हिरवागार, बोटभर लांब, पुढचे दोन पाय छातीशी जोडून उभा राहणारा हा किडा पुस्तकात प्रार्थना कीटक म्हणून भेटतो. कोल्हारजवळच्या आमच्या वस्तीवर तो देवाचा माणूस आहे. लग्न होऊन मी इथे आले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तुळशीवर बसलेल्या अशा एका किड्याला चिमूटभर भंडारा वाहून पाया पडताना दिसल्या.

"उपाशी आसतोय बिचारा," त्या मला म्हणाल्या. "हात जोडून दिसभर हुबा ऱ्हातो. नुसत्या वाऱ्यावर जगतो बघ."

मी नगरच्या शिक्षकाच्या घरातली, स्वतः शाळेत विज्ञान शिकवणारी. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं, पण नवी सून पहिल्या आठवड्यात सासूच्या देवमाणसाला खाटीक म्हणत नाही. मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे ते उत्तर पुढे कितीतरी वर्षं माझ्या पोटात दुखत राहिलं.

कारण खरं सांगायचं तर ह्याच्याइतका खादाड किडा शेतात शोधून सापडायचा नाही. ते जोडलेले हात म्हणजे काटे बसवलेले दोन विळे आहेत. तो कोणाच्या मागे धावत नाही. पानात पान होऊन बसतो, आणि समोरून माशी, नाकतोडा, पतंग, काहीही गेलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत ते त्याच्या विळ्यांत असतं. मग तो ते जिवंतच कुरतडायला लागतो, सावकाश, सणाचं जेवण जेवावं तसा. डोकं वळवून खांद्यावरून मागे बघण्याची कला कीटकांत जवळपास ह्या एकट्याकडे आहे. डोळे पाच, दोन मोठे आणि मधे तीन बारके. कान बहुतेकांना एकच, तोही छातीवर, आणि तो कशासाठी तर उडताना वटवाघूळ आलं तर चाहूल लागावी म्हणून. जगात ह्याच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत, आपल्या देशात दीडशेच्या वर. फुलांवर बसणारे फुलासारखे रंगीत, खोडावर बसणारे सालीसारखे खरबरीत. जामखेडला दिलेल्या माझ्या नणंदेनं एकदा मोबाईलवर फोटो पाठवला, त्यात नुसतं वाळकं गवत. बराच वेळ बघितल्यावर एका काडीला पाय दिसले. तोही ह्याच कुळातला. आणि ह्या सगळ्या कुळाचे जवळचे नातेवाईक कोण, तर झुरळ आणि वाळवी. हे मात्र मी आत्याबाईंना अजूनही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

माझं घोडं पेंड खात होतं ते जमिनीपाशी. घरात माझा पगार चालत होता, मत चालत नव्हतं. शेतातलं काही सुचवायला गेलं की मामा, म्हणजे माझे सासरे, "तू शाळा बघ" म्हणायचे. रागावून नाही, अगदी मायेनं म्हणायचे, आणि त्या मायेचाच मला जास्त राग यायचा. विहिरीजवळचा पाच गुंठ्यांचा तुकडा मला हवा होता. तिथे औषध न मारता वांगी करायची होती. आमचे धाकटे भाऊजी त्या गोष्टीला सगळ्यांत मोठ्यानं हसले. त्यांचं गावात खतांचं आणि औषधांचं दुकान आहे, त्यामुळे त्यांचं हसणं मला समजू शकत होतं. सहन होत नव्हतं.

"वहिनी, बिनऔषधाचं वांगं म्हंजी अळीला आवतन," ते म्हणाले. "पाट-रांगोळी करून जेवायला वाढा तिला."

माझ्या नवऱ्यानं अशा वेळी नेहमी करतो तेच केलं. पेपर थोडा वर धरला.

निवाडा मामांनी केला. आमच्याकडे आषाढी एकादशी झाली की वांगं बंद होतं. घरात आणायचंसुद्धा नाही. ते सुरू होतं मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला. त्या दिवशी खंडोबाला वांग्याच्या भरताचा आणि बाजरीच्या रोडग्यांचा नैवेद्य, आणि मग सगळी भावकी आमच्या अंगणात जेवायला. मामा म्हणाले, "औंदा भरताला वांगी तुझी. सगळी तुझी. त्यातलं एक जरी किडकं निघालं तर पुढल्या सालापासनं तितं ऊस. आन मग शेताचं नाव काढायचं न्हाई."

"आणि नाही निघालं तर?"

"तर बघू."

त्या 'तर बघू'वर मी तुकडा घेतला. पण शेताचं नाव काढायचं नाही हे काळजात रुतून बसलं. मामा एकदा बोलले की बदलत नाहीत. हरले असते तर उरलेला जन्म मी ह्या घरात डबा घेऊन शाळेत जाणारी आणि डबा घेऊन परत येणारी बाई झाले असते.

श्रावणात रोपं लावली. त्याच सुमारास बांधावरच्या डाळिंबाच्या एका फांदीला सुपारीएवढा तपकिरी गोळा चिकटलेला दिसला. भाऊजी विळ्याच्या टोकानं तो खरवडायच्या बेतात होते. त्यांना वाटलं कुंभारमाशीचं घर आहे. मी त्यांचा हात धरला. तो गोळा म्हणजे खंडोबाच्या किड्याची अंडी. मादी आधी पोटातून फेस काढते, त्या फेसात अंडी घालते, आणि फेस वाळून कडक झाला की आतली अंडी उन्हापावसाला भीत नाहीत. मी ती फांदी कापली आणि वांग्याच्या सरीत काठी रोवून तिला बांधली. भाऊजी म्हणाले, वहिनींनी वांग्याला राखी बांधली.

एक दिवस सकाळी त्या गोळ्यातून पिल्लं निघाली. बारीक धाग्यांना लोंबकळत, एकमेकांच्या अंगावरून घसरत, नुसता लोंढा. फुलपाखरासारखा अळी आणि कोषाचा फेरा ह्यांना नसतो. मुंगीएवढं पिल्लूही जन्मापासून आईबापासारखंच दिसतं, फक्त पंख नसतात. कात टाकत टाकत ते मोठं होतं आणि शेवटी पंख फुटतात. पण हात पहिल्या क्षणापासून जोडलेले. मी आत्याबाईंना हाक मारली. त्या गुडघे धरून खाली बसल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग आत जाऊन भंडाऱ्याची वाटी घेऊन आल्या आणि काठीशेजारच्या अख्ख्या झाडावर उधळली. दुपारी भाऊजींनी लांबून ते झाड बघितलं आणि पानावर पिवळा रोग आलाय, औषध देऊ का, असं विचारून गेले.

त्या दिवशी मी मनातल्या मनात जिंकले होते. दसऱ्यापर्यंत माझं मला कळलं की जिंकण्याचा आणि माझा काही संबंध नाही. त्या पिल्लांतली कितीतरी मुंग्यांनी आणि पाखरांनी खाल्ली, बरीचशी त्यांनी एकमेकांनाच खाल्ली. आणि वांग्याच्या शेंड्यांनी माना टाकायला सुरुवात केली. वांगी करणाऱ्याला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. अंधार पडला की एक फिकट पतंग येतो, पानावर अंडी घालतो, आणि त्यातली अळी शेंड्यात नाहीतर फळात शिरते. फळात शिरताना केलेलं भोक मागे बुजून जातं. वरून वांगं तुकतुकीत, आतून सगळा संसार अळीचा. मी एक वांगं शेतातच विळ्यानं चिरलं. ती होती, गुलाबीसर, अगदी मजेत.

भाऊजी पाठीला पंप अडकवून बांधावर आले. "सांगा वहिनी. मारू का?" चेष्टा नव्हती त्यांच्या बोलण्यात, खरंच मदत करायला आले होते. मी नाही म्हणाले आणि ते गेल्यावर विहिरीच्या कठड्याला टेकून रडले. जाईल तुकडा, असं मला त्या दिवशी खरोखर वाटलं.

मग डोळे पुसले आणि आत्याबाईंकडे गेले. म्हणाले, मला खंडोबाचे किडे हवेत, चांगले वाढलेले, माझ्या वांग्यात सोडायला. कशासाठी ते सांगायची गरज पडली नाही. सुनेच्या शेतावर देवाचा हात हवा, एवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांनी वस्तीवरच्या सगळ्या बायकांना निरोप धाडला. मी शनिवारी शाळेच्या कामाला नगरला गेले होते. त्या एका दिवसात बायकांनी गुरांच्या घासातून, तुरीतून, बांधावरच्या गवतातून किडे जमा करून आणले, प्रत्येकीनं ओंजळीत धरून, भंडारा लावून. पण सोडायचे कधी? खंडोबाचा वार रविवार. मग शनिवारी कसे सोडणार? आत्याबाईंनी ते सगळे एका दुरडीत घातले, वर नवा खण झाकला आणि दुरडी देव्हाऱ्यासमोर ठेवली. दिवा लावला. उपाशी राहणाऱ्या देवमाणसांना एक रात्र देवाजवळ काढायला काय हरकत आहे?

रविवारी सकाळी मी परत आले तेव्हा बायका अंगणात जमल्या होत्या. आत्याबाईंनी जय मल्हार म्हणून खण उचलला. दुरडीत पंख होते, पायांचे तुकडे होते, आणि मधोमध एक पोट फुगलेली मादी बसली होती. तिनं मान तिरकी करून आमच्याकडे बघितलं आणि आपला पुढचा पाय चाटायला लागली.

"मांजरानं केलं का गं हे?" आत्याबाईंनी हळूच विचारलं.

"मांजर नाही, आत्याबाई. हिनंच."

आणि मग मी सगळं सांगितलं. इतक्या वर्षांचं साठलेलं. ते उपाशी नसतात, हात जोडलेले नसतात, टपून बसलेले असतात, दोघांना शेजारी ठेवलं तर मोठा लहानाला खातो, मादी कधी कधी नरालासुद्धा सोडत नाही. पतंग खाईल म्हणूनच मला तो हवा आहे. बायकांतली एक जण तोंडाला पदर लावून उभी होती. भाऊजी दारात हसत होते. आत्याबाई दुरडीकडे बघत खाली बसल्या, आणि मला वाटलं मी फार वाईट केलं, म्हातारीचा देव हिरावून घेतला.

त्या उठल्या त्या भाऊजींवरच. "हासतो काय? खंडोबानं दैत्य मारलं ते काय दूधभात खाऊन व्हय? तलवार हाय देवाच्या हातात. देवाचा किडा म्हनल्यावर तो मारनारच." मग माझ्याकडे वळल्या. "मला आधी का न्हाई सांगितलं? आता झाडाला एक. शेजारी शेजारी न्हाई बसवायचं कोनाला."

त्या मादीला स्वतः उचलून त्यांनी पहिल्या सरीतल्या वांग्यावर नेऊन ठेवलं. पाया पडल्या, आणि पुढच्या कामाला लागल्या.

तिथून पुढे तो पहारा आत्याबाईंचा. रोज उन्हं उतरली की त्या बांधावरून फिरायच्या, सापडेल तो किडा पदराच्या टोकानं उचलायच्या आणि रिकाम्या झाडावर नेऊन बसवायच्या. कुठल्या झाडावर कोण आहे हे त्यांना पाठ होतं. संध्याकाळी एखाद्याच्या विळ्यात तो फिकट पतंग सापडलेला दिसला की मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलवायच्या. आम्ही दोघी सासवासुना वांग्यापाशी उकिडव्या बसून त्याचं जेवण बघायचो. लग्नानंतर इतक्या गप्पा आम्ही कधी मारल्या नव्हत्या.

पण एकट्या किड्यावर सोडून चालण्यासारखं नव्हतं. शेंड्याच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. म्हणून शाळेत जायच्या आधी मी रोज सरी धरून फिरायची, मान टाकलेला प्रत्येक शेंडा खाली चांगला भाग लागेपर्यंत खुडायची आणि खड्ड्यात पुरायची. नखं काळी व्हायची. शाळेत मुली विचारायच्या, बाई, मेंदी बिघडली का? भोक पडलेलं वांगं दिसलं की तेही खड्ड्यात. आणि किडे काही माझे नोकर नव्हते. एकदा एकानं वांग्याच्या फुलावर आलेली मधमाशी धरलेली बघितली आणि मला फार वाईट वाटलं. आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "शिपाई म्हनला की थोडं फुकटचं खानारच."

थंडी सुरू झाली तसे किडे एकेक करून दिसेनासे झाले. त्यांचं आयुष्य एवढंच. जाताना माद्यांनी वांग्याच्या खोडांना, कुंपणाच्या काड्यांना फेसाचे गोळे चिकटवून ठेवले होते. झाडं मात्र वांग्यांनी लगडली. बाजारात गेलेली वांगी आतून कशी होती हे मला कळायला मार्ग नव्हता, कारण बाजारातून वांगं बोलायला परत येत नाही. घरात आणायची बंदी. राखलेल्या वांग्यांना विळा लावायची माझी छाती नव्हती. वरून ती तुकतुकीत होती, आणि वरून तुकतुकीत दिसण्याला काही अर्थ नसतो हे मी स्वतः चिरून बघितलं होतं.

चंपाषष्ठीला सकाळीच भावकी जमली. अंगणात गोवऱ्यांचा विस्तव केला, त्यात वांगी टाकली. साली करपल्याचा तो वास सगळ्या वस्तीवर पसरला. इतक्या महिन्यांनी आलेला तो वास एरवी मला वेड लावतो. त्या दिवशी मी विस्तवातलं एकेक वांगं मोजत उभी होते. आत्याबाई परातीपाशी बसल्या. भाऊजी समोर पाट टाकून बसले, "पंच म्हनून बसतो," म्हणाले. मामा ओट्यावर खांबाला टेकून होते. ह्या घोळक्यात पहिल्यांदाच माझ्या नवऱ्याच्या हातात पेपर नव्हता.

आत्याबाईंनी पहिलं वांगं सोललं, देठाला धरून उभं फाडलं, आणि परातीत उघडं ठेवलं. पांढरं, लुसलुशीत. दुसरं. तिसरं. भाऊजींनी मोबाईलची बॅटरी लावली आणि प्रत्येक वांग्यात डोळे घालून बघायला लागले. माझं लक्ष फक्त आत्याबाईंच्या बोटांकडे. बऱ्याच वेळानंतर एका वांग्यात काळपट रेघ दिसली. आत्याबाईंचा हात थांबला. भाऊजींनी चमच्याच्या दांड्यानं ती रेघ उकरली, बोटावर घेतली, चिरडून बघितली.

खोटं बोलायला त्यांना ती जागा अगदी सोयीची होती. ते म्हणाले, "बी हाय. जून झालंय वांगं, बाकी काय न्हाई."

शेवटचं वांगं फाडून झालं तेव्हा परात शिगोशीग भरली होती. भाऊजी उठले, हात झटकले आणि ओट्यावरच्या वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "न्हाई दादा. एक बी न्हाई." मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात, "वहिनी, माझ्या वरच्या वावरात औंदा औषध मारून बी निम्मी वांगी फेकली. तुमचं ते गोळं मला देशाल का थोडं?" मी इतकी खूश झाले होते की त्यांना मिठीच मारली असती. दीर पडले म्हणून पाठीत एक धपाटा घातला.

मामा ओट्यावरून उतरून देवाच्या तयारीला लागले. भरतात कांद्याची पात पडली, मिरचीची फोडणी बसली, रोडगे निघाले, नैवेद्य दाखवून झाला. मग तळी भरायची वेळ आली. तांब्याच्या ताम्हनात भंडारा, खोबरं आणि सुपारी ठेवून पाच जणांनी चारी बाजूंनी धरून ते उचलायचं आणि खंडोबाचा जयजयकार करायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. पाच जण म्हणजे घरातले पाच पुरुष. बायका मागे उभ्या राहतात. मामा, माझा नवरा, भाऊजी आणि दोन चुलत दीर ताम्हनाभोवती बसले. मी नेहमीसारखी मागे, डोक्यावर पदर घेऊन.

मामांनी ताम्हनाला लावलेला हात काढून घेतला आणि उठून उभे राहिले.

"हिकडं ये," ते मला म्हणाले. "धर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. भावकीतले एक वयस्कर काका घसा खाकरून म्हणाले, "आरं, बाईमानसानं तळी..."

"जमीन करनाऱ्यानं तळी धरायची आस्ती," मामा त्यांना म्हणाले. "तुकडा आता हिचा हाय. मग हात बी हिचाच लागंल."

काकांनी बाजूला सरकून वाट दिली. मी पुढे जाऊन मामांच्या जागेवर बसले. काळ्या नखांचे माझे हात ताम्हनाच्या काठाला लागले, समोर भाऊजी, शेजारी माझा नवरा. आम्ही तळी उचलली. मी पोटातून ओरडले, "येळकोट येळकोट," आणि मागून, बायकांच्या घोळक्यात जाऊन उभ्या राहिलेल्या मामांचा आवाज सगळ्यांच्या आधी आला, "जय मल्हार."